शॅम्पेन चाखण्याची मराठी वही : प्रकल्प नोंदी

3 फेब्रुवारी, रँस (फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं शहर)

वहीचं पहिलं पान. गेले दोन महिने दर शनिवारी इथल्या एका वाइन चाखण्याच्या वर्गाला जाते आहे. शिकवणाऱ्या बाई जीव तोडून शिकवतात. काल माझ्या कागदावर मी 'ग्रोझेइ, ओबेपीन, क्वँ' असे तीन शब्द लिहिले. परतताना ट्राममध्ये लक्षात आलं की यातलं एकही फळ किंवा फूल मी आयुष्यात हुंगलेलं नाही. शेजारणीच्या कागदावर होतं, शब्द छान वाटले, लिहून टाकले.

हे मला फार लागलं. वास ओळखायचा म्हणजे तो आधी कुठेतरी भेटलेला असायला हवा. ज्या बाईचं लहानपण ग्रोझेइची झुडपं असलेल्या परसात गेलं, तिला तो शब्द एका क्षणात पोचतो. माझ्या परसात जांभूळ होतं, कढीपत्ता होता, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल होती. तेच माझं भांडवल.

तर प्रकल्प असा. जुलैपर्यंत बारा बाटल्या उघडायच्या आणि प्रत्येकीसाठी मराठी शब्द शोधायचे. शब्द टिकला की नाही याची कसोटी एकच: ज्याने तो लिहिला नाही अशा माणसाने नुसता शब्द वाचून योग्य ग्लास दाखवायचा. नाही दाखवता आला तर शब्द बाद.

नियम: ग्लासात दोन-तीन घोटांपुरतीच वाइन, 8 ते 10 अंशांवर. आधी वास, मग चव, मग चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवून थुंकायची. बादली टेबलावरच.

10 फेब्रुवारी

आज फक्त ग्लास. उंच, निमुळती 'फ्लूट' कपाटात परत ठेवली. तिच्यात बुडबुडे सुरेख दिसतात, पण नाकाला जागाच मिळत नाही. पोटाशी रुंद आणि तोंडाशी आवळलेला, ट्युलिपच्या फुलासारखा ग्लास घेतला. फरक पहिल्याच वेळी कळला.

मग एकच वाइन दोन ग्लासांत ओतली. एक ग्लास गरम पाण्याने धुऊन उपडा वाळवलेला, दुसरा सुती फडक्याने पुसलेला. पुसलेल्यात बुडबुड्यांच्या माळाच माळा, वाळवलेल्यात मोजक्या दोन-तीन. इथल्याच रँस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आयुष्यभर या बुडबुड्यांचा अभ्यास करत आले आहेत. काचेला चिकटलेल्या कापसाच्या बारीक तंतूत अडकलेल्या हवेपाशी बुडबुडा जन्मतो, काचेतून आपोआप उगवत नाही, हे त्यांनी दाखवलं. एका ग्लासातून सुमारे 10 लाख बुडबुडे निघतात असा त्यांचा हिशोब आहे. बुडबुडा वर येऊन फुटतो तेव्हा सुगंधाचे कण नाकापर्यंत उडवतो. म्हणजे तो नुसता शोभेचा नाही, वास वाहून आणणारा हमाल आहे.

ओतताना ग्लास तिरका धरायचा आणि काचेवरून हळू सोडायची. वायू जास्त टिकतो, हेही त्यांच्याच प्रयोगातून कळलेलं. घरी आता सगळे असंच ओततात.

24 फेब्रुवारी

तीन बाटल्या: ब्रूट नेचर, ब्रूट, दमी-सेक. फरक शेवटी घातलेल्या साखरेचा. बाटलीतला मेलेल्या यीस्टचा गाळ काढून टाकल्यावर जी थोडी जागा उरते ती वाइन आणि साखर घालून भरतात. ब्रूट नेचरमध्ये साखर घालत नाहीत आणि मुळातली लिटरला 3 ग्रॅमच्या आत असते. ब्रूटमध्ये 12 ग्रॅमच्या आत. दमी-सेकमध्ये 32 ते 50.

माझा मावसभाऊ पॅरिसहून आला होता (गाडीने पाऊण तास). पहिला घोट घेऊन म्हणाला, "ताई, आंबट आहे." बरोबर. पण शॅम्पेनबद्दल नुसतं 'आंबट' म्हणणं म्हणजे कोकणाबद्दल 'पाऊस पडतो' म्हणण्यासारखं आहे. इथली द्राक्षं अशा वेळी तोडतात की त्यांची पहिली वाइन जेमतेम 10-11 टक्के अल्कोहोलची होते. आंबटपणा हाच तिचा कणा.

आणि आंबटाला आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही! कैरीचा आंबट दातांना झोंबतो. लिंबाचा सरळ आणि पातळ असतो. चिंचेचा मागून येतो आणि रेंगाळतो. आवळ्याचा तुरट होऊन शेवटी गोड होतो. कोकमाचा मऊ. ताकाचा घशाला गार करत उतरतो. तिन्ही ग्लास पुन्हा चाखले. ब्रूट नेचर सरळ कैरी निघाली. ब्रूटमध्ये लिंबू होतं आणि त्यामागे ताक.

हे ताक उगीच सुचलेलं नाही. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदाचं. जीवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दही-ताकातलं आम्ल. काही वाइनघरं हा बदल होऊ देतात, काही मुद्दाम थांबवतात. म्हणजे 'कैरी की ताक?' हा प्रश्न विचारला की वाइन कशी बनली याचा अंदाज येतो. या एका प्रश्नासाठी हा प्रकल्प करणं सार्थ आहे असं आज मनापासून वाटलं.

9 मार्च

एक बाटली वाया. निव्वळ शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची, पांढऱ्या पारदर्शक काचेतली, चांगली महागाची. मीच ती दोन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवली होती. उघडली तर उकडलेल्या कोबीचा वास. प्रकाशाने वाइनमधली गंधकाची संयुगं बदलतात. हिरवी-तपकिरी काच प्रकाश अडवते, पारदर्शक अडवत नाही. फ्रेंच याला 'प्रकाशाची चव' म्हणतात. बारा बाटल्यांतली एक गेली याचं वाईट वाटतंय, पण वहीत 'उकडलेला कोबी' हा शब्द पक्का झाला. आता बाटल्या जिन्याखालच्या काळोखात.

23 मार्च

रँसच्या पोटातल्या खडूच्या खाणी पाहिल्या. बांधकामाला दगड काढण्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेल्या. वर तोंड अरुंद आणि खाली रुंद होत गेलेल्या, काही तीस मीटर खोल. पुढे शॅम्पेनवाल्यांनी त्या वाइन मुरवायला घेतल्या. आत वर्षभर 10-12 अंश. 2015 साली या टेकड्या, घरं आणि तळघरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

पहिल्या महायुद्धात 1914 च्या सप्टेंबरपासून रँसवर तोफा चालू होत्या, कॅथेड्रल जळालं. लोक या तळघरांत राहायला आले आणि मुलांच्या शाळासुद्धा इथेच भरल्या. ते ऐकताना मी भिंतीला हात लावला. पांढरी, दमट, बोटाला पावडर लागली. हात नाकाशी नेला आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा वास आला. इयत्ता पहिली, पुढचा बाक.

घरी येऊन ब्रूट नेचर पुन्हा उघडली. वर्गातल्या बाई ज्याला 'मिनेराल' म्हणतात आणि मला कधी कळत नव्हतं, ते हेच. वहीत लिहिलं: पुसलेली पाटी.

खडू मुळांतून चढून वाइनमध्ये उतरतो असं मात्र नाही. खडूचं खरं काम पाणी धरण्याचं. एक घनमीटर खडू 300 ते 400 लिटर पाणी पोटात ठेवतो आणि उन्हाळ्यात वेलीला थोडंथोडं देतो. पाटीचा वास हा आंबटपणाचा आणि इतर बऱ्याच गोष्टींचा मिळून झालेला भास असावा. भास असला तरी ज्याला त्याला तोच होतो, म्हणून शब्द ठेवते.

19 एप्रिल

सासूबाई निफाडहून आल्या. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्यांचं अख्खं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. घरची बाग दोन एकर थॉमसनची. इथे पोचल्या पोचल्या त्यांचा पहिला प्रश्न: "अगं, यांची बाग कुठंय?"

व्हेर्झनेला नेलं. रँसपासून जवळच, पिनो नुआर या काळ्या द्राक्षासाठी नावाजलेलं गाव. टेकडीवर वेलींच्या मधोमध एक दीपगृह उभं आहे. समुद्र कोसभरसुद्धा जवळ नाही. 1909 मध्ये एका शॅम्पेनवाल्याने जाहिरातीसाठी बांधलेलं. आईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या पहिल्या रांगेत वाकल्या.

"एवढीशी वेल? मांडव नाही? आणि इतकी दाट?"

वेल गुडघ्याला लागेल एवढी. नुकते डोळे फुटलेले, कापसासारखे गुलाबी. त्यांनी काडी न मोडता दोन बोटांत धरून पाहिली. मी सांगितलं की इथे छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. त्यांना ते पटायला वेळ लागला. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, दोन्ही चुकल्या की वर्ष गेलं. इथे थंडीच वेलीला झोपवते. नाशकात ते काम कात्रीला करावं लागतं, हे त्यांचं त्यांनीच उलगडलं. एप्रिलच्या रात्री पारा शून्याखाली गेला तर हेच डोळे करपतात, शेतकरी रात्रभर रांगांमध्ये मेणाच्या शेगड्या पेटवतात, हे ऐकून त्या गप्प झाल्या. "गारपीट झाली की आमचं असंच व्हायचं," म्हणाल्या.

परतताना त्यांनी हिशोब विचारला. चार हजार किलो द्राक्षं एका वेळी दाबतात आणि त्यातून 2550 लिटरच रस शॅम्पेनसाठी घेता येतो, कायद्याने. पहिले 2050 लिटर उत्तम, पुढचे 500 दुय्यम. "आणि उरलेलं?" उरलेला रस शॅम्पेनमध्ये चालत नाही, तो ऊर्ध्वपातनाला, म्हणजे दारू गाळायला जातो. "मग ही माणसं हावरी नाहीत," आई म्हणाल्या. त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

4 मे

आजची नोंद लांबणार.

आई वाइन पीत नाहीत. पिणार नाहीत. मी आग्रह केलाही नाही. पण चार ग्लास मांडले तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या: "मी पिणार नाही. वास घ्यायला काय हरकत आहे?"

चारही ग्लास वेगळे: (1) तरुण शार्दोने, कोत दे ब्लाँची. (2) मार्न नदीच्या खोऱ्यातली, मनिए जातीच्या द्राक्षाची. (3) व्हेर्झनेची पिनो नुआर. (4) एकाच सालच्या द्राक्षांची, म्हणजे वर्षाच्या नावाची, गाळावर सात वर्षं पडून राहिलेली. नावं झाकलेली.

पहिल्यावर त्या बराच वेळ थांबल्या. "हे ओळखीचं आहे पण नाव येत नाही. राहू दे." दुसऱ्याला लगेच: "पेरू. पिकलेला, पिवळा, पिशवीत विसरलेला." मी चमकले. वर्गात याच जातीच्या वाइनला 'क्वँ' म्हणतात, ते इथलं पिवळं, कडक, शिजवून खायचं फळ. मी गेल्या महिन्यात बाजारात क्वँची जेली मुद्दाम हुंगली होती आणि ती पेरूच्या जेलीची सख्खी बहीण वाटली होती. आईंना हे काहीच माहीत नव्हतं.

तिसऱ्याला "करवंदं. काळी नव्हे, लाल, अजून चीक असलेली."

चौथा ग्लास त्यांनी तीन वेळा उचलला. "बेकरी. सकाळची. लादीपाव फोडल्यावर वाफ येते ना, ती. आणि मागे शेंगदाणे भाजतायत कुणीतरी." मग त्या हसल्या आणि सासऱ्यांबद्दल बोलायला लागल्या. ते मार्केटला द्राक्षं घालून पहाटे परत यायचे तेव्हा पिंपळगावच्या बेकरीतून पाव आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गरम. नवऱ्यानेही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

पावाचा वास येण्याचं कारण अगदी साधं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात. त्यातून बुडबुडे होतात, बाटलीत सहा वातावरणांइतका दाब चढतो, आणि मग ते यीस्ट मरून तळाशी गाळ होतं. मेलेल्या पेशी हळूहळू विरघळत वाइनला आपली चव देतात. साध्या शॅम्पेनला एकूण किमान 15 महिने मुरवावं लागतं, वर्षाच्या नावाच्या शॅम्पेनला 3 वर्षं. ही सात वर्षं पडून होती. यीस्ट इथलं आणि पावातलं, जात एकच.

आईंनी न पिता चारांपैकी तीन ग्लास उघडून दाखवले. शब्द: पिशवीतला पेरू, चिकाचं करवंद, फोडलेला लादीपाव, भाजके शेंगदाणे.

11 मे

नवी बाटली. मी आणि नवरा दोघंही 'जरा मुकी आहे, वास कमी आहे' असं म्हणत होतो. आईंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "पावसाळ्यात फडताळात राहिलेली गोधडी. कुबट."

बूच हातात घेऊन हुंगलं. तोच वास. हा बुचाचा दोष. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं संयुग, बुचाच्या सालीतल्या बुरशीमुळे तयार होणारं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी जाणवतं आणि त्याहून वाईट म्हणजे बाकीचे वास दाबून टाकतं, म्हणून वाइन 'मुकी' वाटते. फ्रेंच लोक 'बुचाची चव' म्हणतात. मराठीत 'कुबट' हा एकच शब्द पुरतो आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुकानदाराने काही न विचारता बाटली बदलून दिली.

25 मे

तुलनेसाठी बुडबुड्यांशिवायच्या दोन: शाब्ली गावची पांढरी आणि बोर्दोची लाल. शाब्लीत पुन्हा पुसलेली पाटी, पण कैरी कमी. बोर्दो जिभेवर बसली तशी जांभूळ खाल्ल्यावर बसते, सुपारीची तुरटी मागे ठेवून. तुरटाचे प्रकार लिहायला घेतले तर दुसरी वही लागेल.

ग्लासांना बाहेरून काळा कागद लावला. 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनला वास नसलेला लाल रंग घालून 54 विद्यार्थ्यांना दिली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला सांगतो आणि नाक ऐकतं. शेवटच्या चाचणीतही काळा कागद राहील.

8 जून

जेवणाची चाचणी. मावसभाऊ आणि त्याची मैत्रीण आले. खालच्या मजल्यावरच्या मादाम आल्या, ज्यांनी तीस वर्षं द्राक्षतोडणीत काम केलं आहे.

कोथिंबीर वडी आणि ब्रूट: उत्कृष्ट. तळलेल्या बेसनाचा तेलकटपणा आंबट घोट कापून काढतो, आणि तीळ व मुरलेली वाइन एकमेकांना ओळखतात. मादामनी पाच वड्या खाल्ल्या. साबुदाणा वडाही चांगला, शेंगदाण्यामुळे. बटाटेवडा ठेच्याशिवाय छान, ठेच्यासह अजिबात नाही. तिखट आणि बुडबुडे एकत्र आले की आग दुप्पट होते आणि वाइन नुसती कडू लागते. ज्यांना शॅम्पेन खास वाटायला हवी आहे त्यांनी त्या दिवशी मिरचीला सुट्टी द्यावी.

पुरणपोळीसोबत आधी ब्रूट दिली. पुरणापुढे ती लिंबूपाण्यासारखी झाली. मग दमी-सेक. गोडाबरोबरची वाइन गोडाइतकी गोड हवी, हा नियम वाचून माहीत होता, आज तोंडात कळला. वेलदोडा, जायफळ, तूप आणि मधासारखी वाइन, शेवटी आंबटपणाने तोंड स्वच्छ. मादाम म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या काळी घरात गोड शॅम्पेनच प्यायची, हल्ली कुणी विचारत नाही. पोळी लाटणाऱ्या आईंचे हात त्या बघत राहिल्या.

17 जून

आईंना पुन्हा व्हेर्झनेला जायचं होतं. वेली आता कमरेपर्यंत, आणि फुलोरा आलेला. द्राक्षाचं फूल फूल वाटतच नाही, हिरव्या मण्यावर पाच केस उभे राहावेत तसं. आईंनी डोळे मिटून घोसाशी नाक नेलं.

"हेच. त्या पहिल्या ग्लासात हेच होतं. नोव्हेंबरात संध्याकाळी बागेत येतं ते. फुलोरा."

मीही वाकले. अतिशय हलका, गोडसर, हिरवा वास, वारा आला की जाणारा. घरी जाऊन तरुण शार्दोने उघडली. आई बरोबर होत्या. चव्वेचाळीस दिवस त्यांनी तो वास नावाविना मनात धरून ठेवला होता.

13 जुलै

शेवटची चाचणी. आई परवा निघतील म्हणून त्यांच्यासमोरच केली. सहा ग्लास, काळा कागद, सहा चिठ्ठ्या. बसणारे तिघे: मावसभाऊ, त्याची मैत्रीण, नवरा. यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत.

'कैरी' आणि 'फोडलेला लादीपाव' तिघांनाही बरोबर सापडले. 'पिशवीतला पेरू' तिघांना. 'पुसलेली पाटी' दोघांना. मैत्रीण इंग्रजी शाळेत शिकली, तिने पाटी कधी पुसलेलीच नव्हती. 'चिकाचं करवंद' फक्त मावसभावाला, त्याचं आजोळ सह्याद्रीच्या कुशीत. 'फुलोरा' पुण्यात वाढलेल्या या दोघांनाही अजिबात नाही. नवऱ्याने मात्र चिठ्ठी वाचली, सरळ पहिला ग्लास उचलला आणि आईकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे करवंद आणि फुलोरा बाद व्हायला हवेत. मी नियम बदलते आहे. वहीच्या शेवटी वेगळं पान करते आणि शब्दापुढे गाव लिहिते. फुलोरा: निफाड, दिंडोरी, पिंपळगाव. करवंद: घाटमाथा. पाटी: मराठी शाळा. दिंडोरीत आता याच पद्धतीने, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून, बुडबुड्यांची वाइन बनते. तिथे ग्लास धरणाऱ्या माणसाला फुलोरा कळला नाही तर कुणाला कळणार?

पुढच्या हंगामाची यादी: रोझे (गुलाबी) दोन, जुनी वीस वर्षांपुढची एक, शॅम्पेनच्या दक्षिण टोकाच्या कोत दे बारची एक.

20 जुलै

आई पोचल्या. रात्री फोन आला. वहीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या दीपगृहाखालच्या रांगेत, तिसऱ्या वेलीला मी खूण केलीय. एका घडात मणी किती धरलेत ते रविवारी जाऊन मोज आणि मला कळव."